डोळ्यांनी मोजलेला प्रकाश: जॅनेट मातेई आणि रूपविकारी तारे. नाशिकमधून कुणी नोंदी ठेवतं का?

मापारी

मंडळी, नमस्कार.

माझी नोकरी सातपूरला कारखान्याच्या तपासणी विभागात झाली. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज. तीस वर्षं दुसऱ्यानं केलेला नग मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं. निवृत्तीनंतर १० बाय ५०ची द्विनेत्री घेतली आणि गच्चीवर जायला लागलो. चंद्र झाला, गुरूचे चंद्र झाले, कृत्तिका झाल्या. मग वाटायला लागलं की नुसतं बघून काय करायचं? हाताला मोजायची सवय आहे.

त्या शोधात जॅनेट मातेई या बाईंची माहिती वाचली आणि महिनाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

जन्म १९४३चा, तुर्कस्तानातल्या बोद्रुमचा. घरात पाच भावंडं, ही थोरली. शिष्यवृत्तीवर अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात शिकली, परत जाऊन इझमीरला शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. १९६९च्या उन्हाळ्यात नँटकेट बेटावरच्या मारिया मिचेल वेधशाळेत डॉरिट हॉफलाइट यांच्या हाताखाली काम करायला गेली आणि तिथे तिला रूपविकारी तारे भेटले, म्हणजे ज्यांचा प्रकाश कमीजास्त होत राहतो ते. नवराही त्याच बेटावर, तारे बघणाऱ्यांच्या संमेलनात भेटला. १९७३ साली वयाच्या तिसाव्या वर्षी अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स, म्हणजे एएव्हीएसओ, या संस्थेची संचालक झाली आणि २००४च्या मार्चमध्ये रक्ताच्या कर्करोगानं जाईपर्यंत त्याच खुर्चीत होती. तीस वर्षं आणि वर काही महिने.

ही संस्था १९११ची. सभासद कोण, तर शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, वकील. रात्री आपापल्या अंगणातून तारा बघायचा, आजूबाजूच्या ठाऊक प्रकाशाच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ठरवायची आणि तो आकडा केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सला कळवायचा. बाईंचं काम ते आकडे गोळा करायचं, तपासायचं आणि शास्त्रज्ञांच्या हातात द्यायचं. थोडक्यात, जगभरच्या हजारो अनोळखी डोळ्यांचा तपासणी विभाग. मला त्या एकदम माझ्या खात्यातल्या वाटल्या.

तर प्रश्न दोन. नाशिक परिसरातून असं काम कुणी करतं का? आणि आज एवढ्या यंत्रदुर्बिणी असताना डोळ्यांनी प्रत ठरवण्याला काही किंमत उरली आहे का?

पंचवटीकर

काका, लेख छान. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: माझ्या गच्चीवरून व्याध, गुरू आणि समोरच्या मंगल कार्यालयाची लेझर एवढंच दिसतं. तिन्हींपैकी रूपविकारी फक्त लेझर.

कोडिंगकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. थोडं कडू लागेल.

मूळचा सिडकोचा, आता पुण्यात, पोटापाण्याला डेटाचं काम. डोळ्यानं ठरवलेल्या प्रतीत ०.१ ते ०.२ची चूक सरावलेल्या माणसाचीही होते. साधा सीसीडी कॅमेरा ०.०१पर्यंत जातो. आसास-एसएन नावाचं दुर्बिणींचं जाळं हवामान बरं असेल तर जवळजवळ रोज अख्खं आकाश टिपतं. चिलीमधल्या रुबिन वेधशाळेचा आरसा ८.४ मीटरचा आहे आणि ती दक्षिणेकडचं आकाश काही रात्रींत एकदा पूर्ण झाडून काढणार. अशा वेळी गच्चीवरून "मला वाटतं ५.८ असावी" म्हणणं हा छंद म्हणून उत्तम, पण त्याला विज्ञान म्हणू नये.

आणि मातेईबाईंबद्दल आदर ठेवून विचारतो, त्यांनी स्वतः काय शोधलं? आकडे गोळा करणं हे कारकुनी काम झालं. खगोलशास्त्रज्ञ म्हणायला काहीतरी शोध लागतो ना?

शर्मिष्ठा

@कोडिंगकर, कारकुनी या शब्दावर थांबले. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

हंस तारकासमूहात एसएस सिग्नी नावाचा तारा आहे. १८९६मध्ये हार्वर्डच्या लुइसा वेल्स यांना छायाचित्रांच्या काचांवर तो सापडला. एरवी बाराव्या प्रतीचा मंद ठिपका, आणि साधारण सातआठ आठवड्यांनी एका दिवसात उसळी मारून आठव्या प्रतीपर्यंत येतो, म्हणजे जवळजवळ चाळीसपट तेजस्वी. खरं तर ती जोडी आहे. एक श्वेत बटू, म्हणजे विझत चाललेला लहान पण जड तारा, शेजाऱ्याचा वायू ओढून घेतो, तो वायू भोवती तबकडीसारखा साचतो, आणि साचलेलं एका मर्यादेपलीकडे गेलं की भसकन आत कोसळतो. "साधारण" हा शब्द महत्त्वाचा. पुढची उसळी कोणत्या तारखेला, हे कुणालाच आधी सांगता येत नाही.

आता १९७७मध्ये हीओ-१ हा क्ष-किरण उपग्रह वर गेला. शास्त्रज्ञांना अशा ताऱ्याकडे उसळीच्या वेळीच बघायचं होतं. उपग्रहाचं वेळापत्रक आठवडेच्या आठवडे आधी बांधलेलं. तो तारा आज रात्री उसळला, हे ह्यूस्टनला किंवा वॉशिंग्टनला कुणी सांगायचं? कुणाच्या तरी परसदारातला माणूस डोळा लावून बसलेला असायचा. तो एएव्हीएसओला फोन करायचा. मातेईबाई दुसऱ्या दोघातिघांकडून खात्री करून घ्यायच्या आणि मग उपग्रहवाल्यांना कळवायच्या. अशा इशाऱ्यांवरून उपग्रह वळवले गेले आणि या ताऱ्यांच्या उसळीतले क्ष-किरण सापडले. पुढे हबल अवकाश दुर्बिणीच्या काळात उलटीच गरज होती: तारा उसळलेला असेल तर नाजूक संवेदक खराब होण्याची भीती, म्हणून निरीक्षणाच्या आधी "अजून शांत आहे" असा निरोप हवा. तोही याच लोकांनी दिला.

फोन उचलून "हो, खात्रीनं उसळला आहे" म्हणायचं आणि त्यावर कुणीतरी कोट्यवधी डॉलरचं यंत्र वळवायचं. हा विश्वास कमवायला काय लागत असेल, विचार करा. चुकीचा निरोप एकदा गेला असता तर पुढच्या वेळी हौशी लोकांचं कुणी ऐकलं नसतं.

आणि स्वतःच्या कामाबद्दल: जॉन कॅनिझो यांच्याबरोबर त्यांनी १९९२मध्ये एसएस सिग्नीच्या जवळजवळ शतकभराच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. उसळ्या किती लांब, किती आखूड, मधलं अंतर किती, हे सगळं. त्यातली प्रत्येक नोंद कुणाच्या तरी जागरणाची होती. ब्रिटनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं १९९५मध्ये त्यांना जॅक्सन-ग्विल्ट पदक दिलं. ११६९५ क्रमांकाच्या लघुग्रहाला मातेई हे नाव आहे.

मापारी

शर्मिष्ठाताई, फार सुंदर. "दुसऱ्या दोघातिघांकडून खात्री" हे वाक्य आमच्या खात्यात भिंतीवर लिहायच्या लायकीचं आहे. नग खटकला की आम्ही तो लगेच भंगारात टाकत नसू. आधी दुसऱ्याकडून मोजून घ्यायचो, मग गेज तपासायचो, मग कारागिराला विचारायचो. पुष्कळदा कारागीर बरोबर असायचा आणि आमचं गेज झिजलेलं निघायचं.

@कोडिंगकर, तुमची ०.२ची चूक मान्य. पण एका माणसाची चूक आणि पन्नास माणसांच्या सरासरीतली चूक एकच असते का? हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं.

कोडिंगकर

सरासरीचा मुद्दा बरोबर, पण चूक सगळ्यांची एकाच बाजूला असेल तर सरासरीनं जात नाही. उदाहरणार्थ लाल तारे. माणसाचा डोळा लाल ताऱ्याकडे टक लावून बघत राहिला तर तो तारा हळूहळू जास्त तेजस्वी वाटायला लागतो. ही चूक प्रत्येकाची वरच्याच बाजूला होणार.

शोधाबद्दलचं माझं वाक्य मात्र मागे घेतो. एसएस सिग्नीचा अभ्यास मला माहीत नव्हता.

द्राक्षवाला

मी निफाड तालुक्यातला. बाग आहे. धागा दोनदा वाचला.

या आठवड्यात आमच्याकडे थ्री फेज रात्री बारा ते सकाळी आठ आहे. म्हणजे ड्रीप चालू करायला, व्हॉल्व्ह बदलायला रात्री उठावंच लागतं. बिबट्याची भीती म्हणून दोघं जण जातो, हातात बॅटरी, मोबाइलवर गाणी मोठ्यानं. व्हॉल्व्ह बदलला की पुढचा दीड तास काही काम नसतं. गेली पंधरा वर्षं मी तो दीड तास आकाशाकडे बघत काढतो. नावं येत नाहीत सगळी, पण कोण कधी उगवतो ते ठाऊक आहे.

तर मला विचारायचंय, मी जे बघतो त्याचा कुणाला उपयोग होईल का? शिक्षण बारावी. दुर्बीण नाही. डोळे चांगले आहेत.

शर्मिष्ठा

@द्राक्षवाला, दादा, तुमच्यासारख्यांसाठीच ती संस्था उभी राहिली. आणि तुम्ही एकटे नाही, या वाटेवर आपल्या देशातला एक माणूस शंभर वर्षांपूर्वी चालून गेलाय.

राधागोविंद चंद्र. जन्म १८७८, जेसोरचे, म्हणजे आता बांगलादेशात. शालान्त परीक्षेत अनेकदा अपयश आलेलं. सरकारी खजिन्यात नाणी मोजायची नोकरी. दिवसा पैसे मोजायचे आणि रात्री तीन इंची दुर्बिणीतून ताऱ्यांचा प्रकाश. १९१८मध्ये गरुड तारकासमूहात नवतारा, म्हणजे अचानक भडकलेला तारा, दिसला तेव्हा त्यांनी तो स्वतंत्रपणे पाहिला, आणि मग एएव्हीएसओशी संबंध जुळला. पुढच्या साडेतीन दशकांत त्यांनी ३७ हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या. त्यांचं काम बघून संस्थेनं १९२६मध्ये अमेरिकेहून सहा इंची दुर्बीण त्यांना पाठवून दिली. फाळणीनंतर ते बारासातला आले. म्हातारपणी त्यांनी ती दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंच्या हवाली केली आणि ती तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत गेली. १९७५मध्ये ते वारले.

मातेईबाई तेव्हा नुकत्याच संचालक झाल्या होत्या. त्यांच्या हाती आलेल्या जुन्या वह्यांमध्ये जेसोरच्या या खजिनदाराच्या नोंदी होत्या. बाईंनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे सगळं दफ्तर, १९११पासूनचं, संगणकावर चढवायला घेतलं. ते झालं म्हणून आज कुणीही घरबसल्या राधागोविंदांची १९२०ची रात्र काढून बघू शकतो.

रात्रपाळी

नाणी मोजणारा माणूस तारे मोजतो, हे वाचून अंगावर काटा आला. मी नर्स आहे, रात्रपाळी करते. पहाटे साडेतीनला वॉर्ड शांत झाला की पाच मिनिटं गच्चीवर जाते. आता उगाच जाणार नाही, काहीतरी बघून येईन.

वणीकर_आजोबा

माझा एक अनुभव लिहितो. शर्मिष्ठाताईंच्या पोस्टीमुळे जुनी गोष्ट वर आली.

१९९०च्या सुमारास वणीत राहत असताना मी तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा तारा चार हिवाळे पाहिला. तो सुमारे ३३२ दिवसांत नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतीपासून पार दिसेनासा होतो आणि परत येतो. वहीत तारीख, वेळ, तुलना, सगळं नीट. मग ती वही नकलून एका मोठ्या संस्थेकडे पाठवली. उत्तर नाही. सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवलं. उत्तर नाही. स्वतः गेलो तर खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "तुमची पदवी कोणती?" परत आलो आणि वही ट्रंकेत टाकली. नंतर तीस वर्षं मी आकाश पाहिलं, पण एक अक्षर लिहिलं नाही.

मापारींनी दिलेलं वाचून मातेईबाईंबद्दल आणखी शोधलं. निरीक्षकांशी स्वतः पत्रव्यवहार ठेवायच्या, नवख्याला उत्तेजन द्यायच्या, असं त्यांच्याबरोबर काम केलेल्या लोकांनी लिहिलंय. एका पोस्टकार्डाचं काय वजन असतं, ते मला विचारा. मला कुणी "पोचलं, पुढची पाठवा" एवढं जरी लिहिलं असतं तरी माझ्या आज तीस वह्या असत्या.

मुक्ताची_आई

आजोबा, ती वही अजून आहे का?

वणीकर_आजोबा

आहे. वाळवीनं कडा खाल्ल्यात, आकडे शाबूत आहेत.

शर्मिष्ठा

आजोबा, जुन्या नोंदीही पाठवता येतात, फक्त वेळ आणि तुलनेचे तारे लिहिलेले हवेत. मी वणीला येते. तुम्ही वाचा, मी टंकते.

चतुरकॅमेरा

जरा व्यावहारिक बोलू का? आता डोळ्यानं करण्यापेक्षा डीएसएलआर घ्या. तिकाटणं, पन्नास एमएमची लेन्स, दहादहा सेकंदांचे वीस फोटो, हिरवा रंग वेगळा काढून मोजमाप. ०.०२पर्यंत जाता येतं, पुरावा कायम राहतो, कुणी पदवी विचारायच्या आत फोटो दाखवता येतो. मी अंजनेरीच्या पायथ्याला जाऊन हे करतो. मातेईबाईंच्या काळातच संस्थेनं सीसीडीच्या नोंदीही घ्यायला सुरुवात केली होती. त्या काही जुन्याला चिकटून बसल्या नव्हत्या.

द्राक्षवाला

डीएसएलआरची किंमत बघितली. एका एकराचं औषध येतं त्यात.

मापारी

@चतुरकॅमेरा, तुमचं बरोबर आहे आणि तुम्ही ते कराच. पण दादांच्या हातात आज जे आहे त्यानं आज रात्री काय करता येईल, ते मला लिहायचंय. शिकलोय तेवढं सांगतो, शर्मिष्ठाताईंनी चुका काढाव्यात.

काक्षीपासून सुरुवात करा. मृगाच्या चार पायांपैकी लालसर असतो तो. शेजारी रोहिणी आहे, अंदाजे ०.९ प्रतीची. पूर्वेला प्रश्वा आहे, ०.४चा. आकडा लहान तितका तारा तेजस्वी, हे उलटं गणित पहिल्या दिवशी गोंधळात टाकतं. काक्षी या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचं. प्रश्व्याच्या जवळ की रोहिणीच्या? बरोबर मधोमध वाटला तर ०.६ किंवा ०.७.

तीन पथ्यं. एक, कोडिंगकर म्हणाले तसं लाल ताऱ्याकडे टक लावायची नाही, भराभर नजर फिरवायची. दोन, तिन्ही तारे साधारण सारख्या उंचीवर आले की बघायचं, कारण क्षितिजाजवळ हवा प्रकाश खाते. तीन, आणि हे सगळ्यात अवघड, कालचा आकडा विसरायचा. काल ०.६ लिहिलं म्हणून आज ०.६ लिहायचं नाही. आमच्याकडे नवा पोरगा आधीच्या पाळीचा कागद बघून आकडे भरायचा, त्याला पहिली गोष्ट हीच शिकवावी लागायची.

संस्थेच्या तारानकाशातली एक गंमत सांगतो. तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती छापताना दशांशचिन्ह देतच नाहीत. ५६ म्हणजे ५.६. का, तर ते टिंब कुणाला तारा वाटू नये! ज्यानं हे ठरवलं त्यानं अंधारात लाल बॅटरी धरून नकाशा वाचलेला असणार.

शर्मिष्ठा

चुका काही नाहीत. एक भर घालते, वेळेची. नोंद ज्यूलियन दिनांकात देतात. हा दिवस मध्यरात्री बदलत नाही, ग्रिनिचच्या दुपारी बारा वाजता बदलतो, म्हणजे युरोपातल्या निरीक्षकाची एक रात्र दोन तारखांत तुटत नाही. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. दिवेलागणीच्या जरा आधी नवा दिवस सुरू होतो आणि आपली अख्खी रात्र त्या एकाच दिवसात बसते.

आणि यातच @कोडिंगकर यांच्या मूळ आक्षेपाचं थोडं उत्तर आहे. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस, आपल्याकडे रात्र असते तेव्हा तिकडे दिवस. एखादा तारा काही तासांत बदलत असेल तर आपल्या रेखांशावर डोळे नसतील तेवढा तुकडा आलेखात कोराच राहतो. आपल्याकडे आणखी एक भोक आहे, पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर आपण सगळे आंधळे. म्हणून उरलेल्या आठ महिन्यांतली प्रत्येक स्वच्छ रात्र मोलाची.

दुसरं, या यंत्रदुर्बिणींना तेजस्वी तारे नीट मोजताच येत नाहीत. आसास-एसएनचे कॅमेरे दहाव्या-अकराव्या प्रतीपेक्षा तेजस्वी ताऱ्यावर भरून वाहतात, रुबिनचा त्याहूनही कितीतरी मंद ताऱ्यांवर. काक्षी, मीरा, अल्गोल हे त्यांच्या दृष्टीनं डोळे दिपवणारे दिवे आहेत. ते अजूनही बरेचसे हौशी लोकांच्याच वाट्याला.

कोडिंगकर

हा संपृक्ततेचा मुद्दा मी सोयीस्कर विसरलो होतो. २०१९-२०च्या हिवाळ्यात काक्षी मंदावला तेव्हाच्या नोंदी उतरवून आत्ता आलेख काढला. एरवी ०.५च्या आसपास असणारा तारा फेब्रुवारी २०२०मध्ये १.६पर्यंत उतरला. डोळ्यांच्या नोंदींचे ठिपके पसरट आहेत, पण घसरण इतकी स्वच्छ दिसते की शंका घ्यायला जागाच नाही. ताऱ्यानं बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली, हे नंतर कळलं.

आणि तोच आलेख मागे मागे सरकवत गेलो. शंभर वर्षं. पद्धत तीच, डोळा तोच. कॅमेरे या काळात किती पिढ्या बदलले. मला हे आधी असं दिसलं नव्हतं. माझी दोन मतं अजून कायम आहेत: बाराव्या प्रतीहून मंद ताऱ्यांवर डोळ्यानं वेळ घालवू नये, आणि ज्याला परवडतं त्यानं कॅमेरा वापरावा. पण "विज्ञान म्हणू नये" हे चूक होतं.

मुक्ताची_आई

माझी मुलगी नववीत आहे. तिला हा धागा वाचून दाखवला. तिचा प्रश्न: "ती बाई स्वतः रात्री तारे बघायची की नुसते आकडे?" मला उत्तर आलं नाही.

शर्मिष्ठा

मुक्ताला सांगा, मुळात ती वेधशाळेतच तयार झाली, नँटकेटला आणि मग व्हर्जिनियात. पण संचालक झाल्यावर तिच्या बहुतेक रात्री दुसऱ्यांच्या रात्रींसाठी गेल्या असणार. संस्थेची परिस्थितीही सोपी नव्हती. १९५०च्या दशकात संस्थेवरचं हार्वर्डच्या वेधशाळेचं छत्र गेलं होतं. मातेईबाईंच्या आधीच्या संचालक मार्गारेट मेयॉल यांनी ती जेमतेम पैशांत जगवली. मातेईबाईंच्या काळात, १९८६मध्ये संस्थेला स्वतःची इमारत मिळाली. आणि मुक्ताच्याच वयाच्या मुलांसाठी त्यांनी खऱ्या नोंदी वापरून रूपविकारी तारे शिकवणारा अभ्यासक्रम करून घेतला.

मुक्ताला अल्गोल दाखवा. २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी जोडीतला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या समोर येतो आणि प्रत २.१वरून ३.४वर उतरते. उतरून परत चढेपर्यंत सुमारे दहा तास. १७८३मध्ये याचा हिशोब मांडला जॉन गुडरिकनं. तो ऐकू न येणारा मुलगा होता, तेव्हा वय अठरा-एकोणीस.

पंचवटीकर

मी पहिल्या दिवशी लेझरचा विनोद केला होता. काल खरंच रामशेजच्या बाजूला गेलो, पेठ रोड सोडून आत. शहराचा उजेड दक्षिणेला राहतो, उत्तर बरी मोकळी मिळते. शर्मिष्ठा (म्हणजे आकाशातली, ताई नव्हे) इतकी स्वच्छ मी लहानपणानंतर पाहिली नव्हती. घरून निरोप आला की तारे मोजून झाले असतील तर येताना दूध आण.

जागांची यादी करूया का? अंजनेरी, रामशेज, वैतरणेकडचा रस्ता, भावली धरण. सिंहस्थाची कामं चाललीत, रस्त्यांवर दिवे वाढतच जाणार. आता आहे तो अंधार वापरून घ्यावा.

चतुरकॅमेरा

वैतरणा उत्तम, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव फार. लेन्सला कापडी पट्टी बांधा.

द्राक्षवाला

आमच्याकडे थंडी वाढली की बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. त्या रात्री धूर जमिनीलगत बसतो, खालचं आकाश जातं. डोक्यावरचं राहतं.

काक्षी चार रात्री पाहिला. ०.६, ०.५, ०.६, ०.७. कालचा आकडा बघितला नाही. बायकोला वही धरायला दिली आणि सांगितलं, विचारलं तरी दाखवू नको.

मापारी

दादा, वही दुसऱ्याच्या हातात! तीस वर्षांत आम्हाला हे सुचलं नाही.

पहाटे जागेच असता, तर एक विनंती. उत्तर मुकुटात टी नावाचा तारा आहे. एरवी दहाव्या प्रतीचा. १८६६मध्ये आणि १९४६मध्ये अचानक दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत भडकला, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी ठसठशीत. ऐंशी वर्षांचा हिशोब धरला तर वेळ भरत आलीय, सगळं जग वाट बघतंय. सध्या हा तारकासमूह रात्री उशिरा ईशान्येला उगवतो. माझी जुनी ७ बाय ५०ची द्विनेत्री पडून आहे, ती तुम्हाला पिंपळगावला येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवतो. नाही म्हणू नका.

द्राक्षवाला

पण तो दिसलाच नाही तर काय लिहायचं?

शर्मिष्ठा

तेच लिहायचं. आसपासचा सगळ्यात मंद तारा कोणता दिसला तो शोधायचा आणि "याहून मंद" असं लिहायचं. ही पूर्ण नोंद धरतात. उद्या तो भडकला, तर "काल पहाटे पाचपर्यंत भडकला नव्हता" हे जगाला तुमच्या वहीतूनही कळेल.

रात्रपाळी

आज ३:४०ला पाहिला. कमानीतले पाच मोजले, जास्तीचा कुणी नाही. नुसत्या डोळ्यांनी, गच्चीवर ट्यूबलाइट आहे. चौथ्या प्रतीपर्यंत धरा.

वणीकर_आजोबा

शर्मिष्ठाताई रविवारी येऊन गेल्या. मुक्ता आणि तिची आईही आल्या होत्या. चार हिवाळ्यांच्या १२६ नोंदींपैकी १०९ घेण्याजोग्या निघाल्या. बाकीच्यांत मी वेळ लिहिली नव्हती. नवी वही आणली आहे.

द्राक्षवाला

द्विनेत्री मिळाली काका.

पहाटे ४:५०. उत्तर मुकुट बराच वर. धूर नाही, शेजारच्या बागेत कुत्री भुंकत होती म्हणून एकदा थांबावं लागलं. नकाशावरचा ८५ लिहिलेला तारा दिसला, ९२चा नाही. टी दिसला नाही. ८.५हून मंद.

मापारी

पोचलं. मी ५:१०ला, गच्चीवरून. दक्षिणेकडून उजेड, ७.८पर्यंतच गेलो. टी नाही.

उद्याची पाठवा.